गार मांडी, गरम पोटरी

नाशकात सोनोग्राफी करायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली दहा-बारा पोटातच गेली: पित्ताशय, मूतखडे, गरोदर बायका. स्नायूंकडे वळले ती नंतर, खेळाडू आणि त्यांचे फिजिओ दार वाजवायला लागले तेव्हा. अजूनही पोटरीच्या सोनोग्राफीला आलेला माणूस सवयीनं लिटरभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेला असतो आणि आमच्या मावशी त्याला हसत बाथरूम दाखवतात.

एका शाळेतले सर होते, पंचेचाळिशीचे, बॅडमिंटन खेळताना पोटरीचा स्नायू फाटलेले. मे महिन्यात, जखम भरत आल्यावर, मी त्यांच्या पोटरीचा ताठरपणा मोजला. ते भर दुपारी दोन किलोमीटर चालत आले होते. पुढची तपासणी डिसेंबरात, सकाळी साडेसातला. सर अर्ध्या पँटीत, स्कूटरवरून, चाळीस मिनिटांचा रस्ता कापून आले. आकडा मेपेक्षा बराच वर गेलेला. मी रिपोर्टात लिहून मोकळी झाले: ताठरपणा वाढलेला. फिजिओनं त्यांचं पळणं बंद केलं, सरांची झोप उडाली. दहा दिवसांनी ते परत आले, या वेळी दुपारी, शाळा सुटल्यावर. आकडा मेमधल्या जागी जाऊन बसलेला.

स्नायू तोच, मशीन तेच, प्रोब धरणारा हातही माझाच. बदललं होतं हवामान. तेव्हापासून काही गोष्टी डायरीत टिपत गेले, त्या इथे उतरवते आहे.

१. मशीन वेळ मोजतं, अंतर नाही

प्रोबमधून ध्वनिलहरी निघतात, आत कुठेतरी आपटतात, परत येतात. परत यायला तेरा मायक्रोसेकंद लागले तर मशीन सांगतं, ती जागा एक सेंटिमीटर खोल आहे. हे गणित ते एका मानलेल्या आकड्यावर करतं: शरीरात ध्वनी सेकंदाला १५४० मीटर धावतो. अमेरिकेच्या नौदलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज लुडविग यांनी १९५० च्या सुमारास प्राण्यांच्या मऊ मांसात हा वेग मोजला, आणि तो आकडा तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक सोनोग्राफी मशीनच्या पोटात बसलेला आहे.

सरासरी म्हणून तो उत्तम आहे. पण चरबीत हा वेग १४५० च्या आसपास असतो आणि स्नायूत १५८० च्या. शिवाय तो तापमानाबरोबर हलतो. साध्या पाण्यात २० अंशांना १४८२ मीटर, तर ३७ अंशांना १५२४. स्नायू म्हणजे तीन चतुर्थांश पाणीच, त्यामुळे स्नायू तापला की त्यातला ध्वनीही थोडा पळायला लागतो. मशीनला याचा पत्ता नसतो. गंमत अशी की प्रोबचं तोंड किती तापावं यावर नियम आहे, अंगाला टेकलेलं असताना ४३ अंशांच्या वर जाता कामा नये. पेशंटची मांडी किती तापली आहे हे मात्र मशीन कधीच विचारत नाही.

२. चरबी तुपाच्या जातीची

हे मला कळलं तेव्हा खरंच मजा वाटली. तापमान वाढलं की स्नायूत ध्वनीचा वेग वाढतो, पण चरबीत तो कमी होतो. दोघं उलट दिशांना जातात. घरातलं तूप डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत चमचा रुतत नाही, एप्रिलमध्ये ते पाण्यासारखं सांडतं. थिजलेल्या तुपातून ध्वनी वेगानं जातो, पातळ तुपातून सावकाश. माणसाच्या कातडीखालची चरबी असल्या हवेत काही थिजत नाही, पण तिची चाल त्याच दिशेची.

म्हणजे मांडीवर बोटभर चरबी असलेल्या बाईंना मी गार खोलीत तपासलं तर चरबी आणि स्नायू यांच्या वेगातलं अंतर कमी झालेलं असतं, आणि अंग गरम असताना ते वाढलेलं असतं. दोन थरांच्या सीमेवर लहरी किती वाकतात आणि किती परततात, हे बऱ्याच अंशी या अंतरावर ठरतं. सडपातळ धावपटूत याचा विचारही करावा लागत नाही. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या पेशंटांत करावा लागतो.

३. जाडीसाठी तापमानाला बदनाम करू नका

एवढं वाचल्यावर नवशिक्याला वाटतं, मग आपली सगळी मापं चुकली. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीला असंच वाटलं होतं. तिला कागदावर हिशेब करायला लावला. मांडीचा स्नायू तीन सेंटिमीटर जाड. तापमान पाच अंशांनी बदललं तर स्नायूतला वेग फार तर सात-आठ मीटरनं हलेल, म्हणजे अर्धा टक्का. तीन सेंटिमीटरचा अर्धा टक्का म्हणजे मिलिमीटरचा सातवा भाग. तेवढा फरक तर माझ्या हाताच्या दाबानं पडतो.

जाडी खरोखर बदलवणारी कारणं वेगळी असतात. दहा मिनिटं जिने चढून आलेल्या माणसाच्या मांडीत रक्त आणि पाणी भरलेलं असतं. स्नायू तापलेलाही असतो आणि फुगलेलाही, आणि आपण दोन्हीचं खापर तापमानावर फोडतो. उलट, माणूस आडवा झाला की पायातलं पाणी हळूहळू वर सरकतं आणि पोटरी थोडी उतरते. म्हणून मी पेशंटला आल्या आल्या मोजत नाही आणि तासभर झोपवून ठेवून पण मोजत नाही. पंधरा मिनिटं आडवं, मग माप. दर वेळी तेवढंच. पंधराच का? बारा किंवा अठरानंही चाललं असतं. मात्र एकदा ठरवलं की मोडायचं नाही.

४. ताठरपणाचा आकडा लगेच हलतो

माझी मूळ चूक इथली. इलास्टोग्राफीत मशीन स्नायूला आतून एक सूक्ष्म धक्का देतं आणि त्या धक्क्याची आडवी लाट स्नायूतून किती वेगानं सरकते ते बघतं. चित्र काढणाऱ्या लहरी सेकंदाला दीड किलोमीटर पळतात, ही लाट मात्र सैल सोडलेल्या स्नायूत सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे माणसाच्या हळू पळण्याइतकी, रांगत जाते. स्नायू जितका ताठ तितकी ती जोरात.

खोच अशी की ताठरपणा वेगाच्या वर्गावर ठरतो. लाट १० टक्क्यांनी वेगवान झाली तर ताठरपणाचा आकडा २१ टक्क्यांनी वाढतो. लहानसा बदल छापील कागदावर मोठा होऊन येतो, आणि स्नायू गार पडला की तो ताठ होतो हे तर आपल्याला सोनोग्राफी न शिकताही माहीत असतं. पहाटे पळायला जाणाऱ्याला पहिला किलोमीटर का जड जातो ते विचारा. त्यात माणूस थंडीनं अंग आखडून बसलेला असेल तर नुसता गारठा नव्हे, स्नायूचं बारीकसं आकुंचनही आकड्यात मिसळतं. दोन्ही वेगळं काढायला माझ्याकडे साधन नाही. मी पेशंटवर पांघरूण घालते आणि वाट बघते. खोलीतला एसी मशीनसाठी लागतो, पेशंटसाठी नाही, हे उशिरा लक्षात आलं. आता त्याचा झोत पलंगावरून वळवून घेतला आहे.

आणखी एक. काही मशीनं ताठरपणाचा एक गुणांक दाखवतात, काही दुसरा, आणि दुसरा पहिल्याच्या तिप्पट असतो. दोन सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरलेले लोक माझ्याकडे येतात. तिथे थंडीचा काही संबंध नसतो, नुसता तीननं गुणाकार असतो.

५. बर्फ लावलेल्या मांडीचं म्हणणं अर्धंच ऐकावं

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. निफाडकडचा कबड्डीपटू, वय एकोणीस, चढाईत मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेला. निफाडची थंडी राज्याला ठाऊक आहे. पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षाला तडे जाऊ नयेत म्हणून लोक बागांतून शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत जीपच्या मागच्या सीटवर पोराला पालथं घालून आणलेलं, मांडीला बर्फाची पिशवी गच्च बांधलेली.

त्याचे कोच अभिमानानं म्हणाले, “मॅडम, सव्वा तास झाला, एक मिनिट काढला नाही बर्फ.”

मी पिशवी सोडली तर कातडी लालभडक आणि दगडासारखी गार. पोरगं म्हणालं, “काही कळतच नाही तिथं.” आधी मी कोचना बाजूला घेऊन सांगितलं, की बर्फ पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड घालून, आणि मग सुट्टी. मग प्रोब ठेवला.

फाटलेला स्नायू गारठ्यानं लपत नाही. तंतूंची ओळ जिथे तुटली होती तिथे तुटलेलीच दिसली, भोवतीचं रक्त काळ्या डबक्यासारखं साचलेलं. तेवढं मी लगेच लिहून दिलं. पण डॉपलर लावला तर जखमेभोवती रक्तप्रवाह जवळजवळ काहीच दिसेना. ताज्या जखमेत हे विचित्रच. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, हे पहिल्या वर्षाचं पुस्तक आठवलं. इलास्टोग्राफीचं बटण तर मी दाबलंच नाही.

बर्फ किती खोल पोचतो हे चरबीवर असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्नायूत एक सेंटिमीटर आत तापमान सात अंशांनी उतरायला बारीक लोकांत साधारण आठ मिनिटं लागली, आणि चरबीचा थर सगळ्यात जाड असलेल्यांत जवळपास एक तास. आमचा कबड्डीपटू काटकुळा, त्याच्या मांडीत सव्वा तासात काय झालं असेल ते सांगायला नको. त्याच जीपमध्ये त्याच्या कोचची मांडी असती तर वेगळी गोष्ट.

यात आपल्याकडची एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. तिकडे फिजिओ लॅपटॉपएवढं मशीन घेऊन मैदानाच्या कडेला उभा राहतो. आपल्याकडे गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा आहे. १९८८ मध्ये देशात पहिला महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये केंद्रानं. मशीनची नोंदणी जागेच्या पत्त्यासह होते आणि ते पिशवीत घालून कुठेही नेता येत नाही. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पहिल्या दहा वर्षांत माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी जे प्रश्न विचारले ते ऐकल्यावर दुसऱ्या बाजूला जाता येत नाही. पण परिणाम असा की खेळाडूला मशीनकडे यावं लागतं, आणि तो येईपर्यंत स्नायू बर्फानं, प्रवासानं, खिडकीतल्या वाऱ्यानं गार झालेला असतो. आपल्याकडे प्रश्न नेहमी गार स्नायूचा आहे, गरम स्नायूचा क्वचित.

६. कातडीला हात लावून फसू नका

बर्फ काढल्यावर वीस मिनिटांत कातडी कोमट लागते. आपल्याला वाटतं झालं. प्रत्यक्षात ती ऊब कातडीनं खोलीच्या हवेतून आणि खालच्या स्नायूतून उचललेली असते. वरचा थर गरम होत असताना खालचा आणखी काही वेळ गार पडत राहतो. कपाळाला लावायचं थर्मामीटर मांडीला लावून मी दोन हिवाळे नोंदी ठेवल्या, मग कंटाळून सोडल्या. ते कातडीपुरतंच बोलतं. स्नायूचं खरं तापमान सुईनं मोजतात आणि पोटरी दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला मी सुई टोचणार नाही.

त्यापेक्षा सरळ विचारलेलं बरं: बर्फ कधी काढला, कसे आलात, व्यायाम केला का. बर्फ काढून दोन तास झाले नसतील तर ताठरपणा मोजायला दुसऱ्या दिवशी बोलावते. व्यायाम करून आलेल्याला मात्र अर्धा तास बसवते. स्नायूत जळणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. विश्रांतीत मांडीचा वरवरचा स्नायू ३४-३५ अंशांवर असतो, तो जोरात सायकल चालवल्यावर ३९ पर्यंत जातो. ती ऊब उतरायला वेळ लागतो.

७. करड्या रंगाचे गुन्हेगार अनेक

निरोगी स्नायू पडद्यावर काळपट दिसतो, त्यात पांढऱ्या बारीक रेघा, पिसासारख्या तिरक्या. स्नायूत चरबी आणि तंतुमय भाग वाढला की तो उजळतो. १९८२ मध्ये लंडनच्या हेकमॅट आणि सहकाऱ्यांनी या उजळपणाच्या चार पायऱ्या ठरवल्या, मुलांच्या स्नायूविकारांसाठी. आजही त्या वापरतात. आता त्याच उजळपणाला शून्य ते २५५ मधला आकडा देता येतो, आणि आकडा आला की वाद आला.

एका रविवारी मी स्वतःची मांडी पणाला लावली. मावशींनी बर्फ बांधला, मी मोजलं. मग गरम पाण्याच्या पिशवीनं शेकून मोजलं. आकडा थोडा इकडे थोडा तिकडे. मग न शेकता, न गोठवता, नुसता प्रोब दोन-तीन अंशांनी कलता केला, आणि आकडा त्याहून कितीतरी जास्त कोसळला. तंतूंवर लहर सरळ आपटली तर परत येते, तिरकी आपटली तर भलतीकडे जाते. गेन, म्हणजे परतलेला आवाज वाढवायचं बटण, जरा फिरवला तर तीच गत. त्यामुळे कोणी मला सांगितलं की थंडीमुळे उजळपणा बदलला, तर मी आधी विचारते, प्रोब कसा धरला होता आणि गेन कुलूपबंद होता का.

८. शेजारच्या खोलीतून शिकावं

नसांची तपासणी करणारे आमचे न्यूरॉलॉजीचे सहकारी हे सगळं आमच्या कितीतरी आधी शिकले. हात एक अंशानं गार पडला की नसेतल्या संदेशाचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरनं घटतो. म्हणून ते हात ३२ अंशांच्या खाली असेल तर आधी कोमट पाण्यात बुडवायला लावतात, मग तारा जोडतात. अनेकदा बायकांच्या हाताच्या मुंग्यांचं निदान या एका सवयीवर टिकतं.

स्नायूची नस तुटली की त्याचे तंतू आपले आपण फडफडायला लागतात. हे सुईनं ऐकू येतं, आणि चांगल्या प्रोबखाली ते डोळ्यांनीही दिसतं, उकळी फुटायच्या आधी दूध थरथरतं तसं. पण स्नायू गार असेल तर ही थरथर मंदावते किंवा नाहीशी होते. डिसेंबरच्या सकाळी मी ‘फडफड नाही’ असं लिहिलं तर त्याचा अर्थ रोग नाही असाही होतो आणि हात गार होता असाही. इथे चुकीची किंमत पोटरीच्या ताठरपणापेक्षा फार मोठी आहे. म्हणून अशा पेशंटचा हात मी आधी ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवते, कितीही रांग असली तरी.

९. ‘अल्ट्रासाउंड घेतलं’ म्हणजे काय घेतलं, ते विचारा

फिजिओकडे शेक देण्याचं एक यंत्र असतं, त्यालाही अल्ट्रासाउंडच म्हणतात. पेशंट सांगतो, “कालच अल्ट्रासाउंड झालं, दहा मिनिटं गोल गोल फिरवलं.” ती तपासणी नव्हती, उपचार होता. ध्वनी तोच, काम वेगळं: तिथे आतला भाग मुद्दाम तापवतात. तिथून सरळ उठून माझ्याकडे आलेला खांदा मी तासभर बाहेर बसवते. एक काका यावर रागावले होते. त्यांचं म्हणणं, गरम गरम असतानाच बघा ना, ताजं दिसेल.

१०. जेल गरम करून ठेवा

याला शास्त्राची गरज नाही. गार जेल पडलं की माणूस दचकतो, स्नायू आवळतो, आणि पहिली पाच मिनिटं वाया जातात.

११. रिपोर्टात एक ओळ वाढवा

आता माझ्या प्रत्येक स्नायूच्या रिपोर्टात निष्कर्षाच्या आधी एक ओळ असते: किती वाजता तपासलं, किती मिनिटं आडवे होते, बर्फ, शेक किंवा व्यायाम झाला होता का. सुरुवातीला एका हाडांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, की ही घरगुती माहिती कशाला. मी त्यांना सरांची मे आणि डिसेंबरची गोष्ट सांगितली. आता त्यांच्या चिठ्ठीवरच लिहून येतं, ‘बर्फ न लावता पाठवत आहे.’

ही माहिती गोळा करायचं काम मावशींकडे आहे. नाव, वय, बर्फ, शेक, व्यायाम, या क्रमानं त्या विचारतात, आणि कोण कशासाठी आलंय हे बघायच्या भानगडीत पडत नाहीत. परवा लिव्हरच्या तपासणीसाठी एक गृहस्थ आले होते, सोबत बायको. मावशींनी वहीतून मान वर न करता विचारलं, “सकाळपासून बर्फ घेतलाय का?”

गृहस्थांनी आधी बायकोकडे बघितलं, मग हात जोडले. “नाही हो मावशी. दिवाळीपासून सोडली.”